बालपणी झालेला लैंगिक अत्याचार: तक्रारीची मुदत खरंच संपलेली असते का?

‘एवढ्या वर्षांनी? मुदत संपली की हो आता.’ हे वाक्य ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी ऐकू येतं, ओळखीच्या वकिलाकडे ऐकू येतं, आणि सगळ्यात जास्त वेळा घरातल्याच कुणा मोठ्या माणसाकडून. बहुतेक प्रकरणांत ते साफ चुकीचं असतं. मोजक्या प्रकरणांत ते खरं असतं, पण तिथेही एक वाट उरते. आपलं प्रकरण कशात मोडतं हे कुणाच्या तोंडी मतावर न सोडता स्वतः तपासता यावं, यासाठी हा लेख आहे. लेख भारतातल्या कायद्याचा आहे. परदेशात राहणाऱ्यांसाठी शेवटाकडे थोडं वेगळं लिहिलं आहे.

मूल अजून लहान असेल आणि घटना ताजी असेल, तर मुदतीचा हिशेब करत बसू नका. १०९८ (मुलांची हेल्पलाइन) किंवा ११२ (आपत्कालीन क्रमांक) ला फोन करा आणि मुलाला रुग्णालयात न्या. शारीरिक पुरावा साधारण ९६ तासांपर्यंत मिळण्याची शक्यता असते आणि ती तासागणिक कमी होत जाते. अंगावरचे कपडे धुऊ नका. प्लास्टिकऐवजी कागदी पिशवीत ठेवा. उपचार सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने मोफत द्यायचे असतात आणि त्यासाठी आधी एफआयआर आणा असं डॉक्टर म्हणू शकत नाहीत. बाकीचं नंतर वाचा.

पहिली पायरी: घटनेची तारीख

किती वर्षं झाली, हा प्रश्न सगळे आधी विचारतात. कायदा आधी विचारतो की घडलं केव्हा. घटनेच्या दिवशी जो कायदा लागू होता, त्याच कायद्याने शिक्षा ठरते. नंतर आलेला कडक कायदा मागच्या तारखेने लावता येत नाही. संविधानाच्या अनुच्छेद २० मध्येच तसं आहे.

इथे सर्वांत महत्त्वाची तारीख आहे १४ नोव्हेंबर २०१२. त्या दिवशी पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, लागू झाला. त्यानंतर १८ वर्षांखालच्या कुणाही मुलावर, मुलगी असो वा मुलगा, जे घडलं ते पॉक्सोखाली येतं. त्याआधीचं सगळं जुन्या भारतीय दंड संहितेखाली. दुसरी तारीख ३ फेब्रुवारी २०१३. डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर बलात्कार आणि विनयभंगाची कलमं त्या दिवसापासून बदलली. तिसरी १६ ऑगस्ट २०१९, पॉक्सोतल्या शिक्षा वाढल्या ती. चौथी १ जुलै २०२४: दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. जुन्या घटनेची तक्रार तुम्ही आज दिलीत तर गुन्ह्याचं कलम जुनं लागतं आणि तपासाची पद्धत नवी. एफआयआरवर दोन्ही कायद्यांची नावं दिसली तर गोंधळू नका.

लहानपणीच्या तारखा कुणाला आठवत नाहीत. आठवतात इयत्ता, घरं आणि सण. तेच धरून मागे जा. ‘सातवीची दिवाळी, मामाकडे’ एवढं आठवत असेल तर पंचांग बाकीचं सांगतं. २०१२ साली लक्ष्मीपूजन १३ नोव्हेंबरला होतं आणि पाडवा १४ ला. म्हणजे त्या वर्षी धनत्रयोदशीला घडलेली गोष्ट जुन्या कायद्यात जाते आणि भाऊबीजेला घडलेली पॉक्सोत. अत्याचार अनेक वर्षं चालू राहिला असेल, तर त्यातल्या १४ नोव्हेंबर २०१२ नंतरच्या प्रसंगांना पॉक्सो लागतो. त्यामुळे पहिला प्रसंग कधीचा यापेक्षा शेवटचा प्रसंग कधीचा, हे पुष्कळदा जास्त कामाचं ठरतं.

दुसरी पायरी: नेमकं काय घडलं

हे लिहिणं अवघड जातं. पण मुदत इथेच ठरते, कारण फौजदारी कायद्यात मुदत शिक्षेवर अवलंबून असते. नियम सोपा आहे. जुन्या प्रक्रिया संहितेत तो कलम ४६८ मध्ये होता, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ५१४ मध्ये आहे. फक्त दंडाची शिक्षा असेल तर मुदत सहा महिने. एक वर्षापर्यंत कैद असेल तर एक वर्ष. एक ते तीन वर्षांपर्यंत कैद असेल तर तीन वर्षं. तीन वर्षांहून जास्त शिक्षा होऊ शकत असेल तर मुदतच नाही. दहा वर्षांनी या, तीस वर्षांनी या.

आता हे पॉक्सोला लावून पाहा. शरीरात कोणत्याही प्रकारे प्रवेश (कलम ४ आणि ६): मुदत नाही. लैंगिक हेतूने स्पर्श (कलम ८): शिक्षा तीन ते पाच वर्षं, म्हणून मुदत नाही. हाच स्पर्श नातेवाइकाने, शिक्षकाने, पोलिसाने केला असेल किंवा मूल बारा वर्षांखालचं असेल तर कलम १०, पाच ते सात वर्षं, मुदत नाही. अश्लील चित्रणासाठी मुलाचा वापर (कलम १४): मुदत नाही. उरतो स्पर्श नसलेला लैंगिक छळ, म्हणजे अश्लील बोलणं, अंग दाखवणं, अश्लील चित्रं दाखवणं, पाठलाग. हे कलम ११ आणि १२ मध्ये येतं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत, म्हणून मुदत तीन वर्षं. मुलांचं अश्लील साहित्य नुसतं जवळ बाळगण्याच्या काही प्रकारांनाही मुदत आहे.

ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने जाहीर केलं की, पॉक्सोखाली तक्रार देण्याला वयाची किंवा काळाची मर्यादा नाही. चेन्नईत बालपणी अत्याचार सोसलेल्या आणि पुढे कॅनडात स्थायिक झालेल्या एका महिलेने त्यासाठी पाठपुरावा केला होता. बातम्यांत ते ‘पॉक्सोला मुदत नाही’ एवढंच आलं. स्पर्शाच्या आणि त्याहून गंभीर गुन्ह्यांबाबत ते बरोबर आहे. कलम १२ बाबत मात्र तेवढ्यावर विसंबून राहू नका.

कलम कुठलं लागतं यावर सगळं किती अवलंबून असतं, हे नागपूरच्या एका खटल्यात दिसलं. कपड्यांवरून स्पर्श झाला, त्वचेचा त्वचेशी संबंध आला नाही, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पॉक्सोचं कलम ८ काढून नुसता विनयभंग ठरवला होता. सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो निकाल फिरवला. लैंगिक हेतू महत्त्वाचा, कपडा मध्ये होता की नाही हा मुद्दा नाही. आजही कुणी ‘कपड्यांवरूनच ना?’ म्हणालं तर या निकालाचा उल्लेख करा.

आता जुना कायदा, आणि इथे वाईट बातमी आहे. १४ नोव्हेंबर २०१२ पूर्वीच्या बलात्काराला (कलम ३७६) आणि अनैसर्गिक संभोगाला (कलम ३७७) मुदत नाही. मुलग्यांवरचे जुने अत्याचार मुख्यतः ३७७ खाली येतात. बलात्काराच्या प्रयत्नालाही मुदत नाही. पण त्या काळच्या विनयभंगाला (कलम ३५४) जास्तीत जास्त दोन वर्षं शिक्षा होती, म्हणून मुदत तीन वर्षं. अश्लील हावभाव, शब्द (कलम ५०९) यांना एक वर्ष शिक्षा आणि एकच वर्ष मुदत. शिवाय त्या काळी बलात्काराची व्याख्या अरुंद होती. बोटांनी केलेला अत्याचार तिच्यात बसत नसे, सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ती व्याख्या रुंद करायला नकार दिला होता. परिणाम असा की २००५ साली नऊ वर्षांच्या मुलीवर झालेली तीच कृती आज ऐकली तर किमान वीस वर्षं शिक्षेची वाटते, आणि त्या वेळच्या कायद्यात ती तीन वर्षांची मुदत असलेला विनयभंग ठरू शकते. मला हे अन्यायाचं वाटतं, पण तक्रारीपूर्वी माहीत असलेलं बरं.

तिसरी पायरी: मुदत कुठून कुठवर मोजायची

मुदत असलेल्या कलमांसाठीच ही पायरी. साधारणपणे घटनेच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतात. गुन्हा झाला हे पीडिताला किंवा पोलिसांना नंतर कळलं असेल, तर कळल्या दिवसापासून. गुन्हेगार कोण हे माहीत नसेल, तर ओळख पटल्यापासून. आरोपी भारताबाहेर किंवा फरार असेल तो काळ वजा होतो.

शेवटचं टोक कुठलं? न्यायालयाने दखल घेतल्याचा दिवस की तक्रार दिल्याचा? सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०१३ मध्ये सांगितलं की तक्रार दिल्याचा दिवस धरायचा. नव्या संहितेत तर एफआयआरची तारीख धरावी असं स्पष्टच लिहिलं आहे. पोलिसांनी तपासाला दोन वर्षं लावली म्हणून तुमची मुदत बुडत नाही.

एक मुद्दा पुष्कळ वकिलांच्याही नजरेतून सुटतो. एकाच खटल्यात अनेक गुन्हे असतील, तर मुदत सर्वांत मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यावरून ठरते. शिकवणीच्या सरांनी घाणेरडे मेसेज पाठवले आणि एकदा अंगाला हातही लावला, तर मेसेजची तीन वर्षांची मुदत आड येत नाही. म्हणून तक्रारीत एकच प्रसंग लिहून थांबू नका, सगळे लिहा.

आणि इथेच कायद्यातली मोठी फट आहे. दिवाणी कायद्यात मूल अज्ञान (१८ वर्षांखालचं) असेपर्यंत मुदतीचं घड्याळ चालू होत नाही. फौजदारी कायद्यात तशी सोय नाही. दहा वर्षांच्या मुलाला कुणी अश्लील चित्रं दाखवली, तर कागदावर मुदत तो तेरा वर्षांचा झाल्यावर संपते.

चौथी पायरी: मुदत उलटली असेल तर

नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५१९ (जुनं ४७३) हाच तो उरलेला मार्ग. उशिराचं नीट स्पष्टीकरण दिलं असेल, किंवा न्यायासाठी आवश्यक वाटलं, तर न्यायालय मुदतीनंतरही दखल घेऊ शकतं. यातली ‘किंवा’ महत्त्वाची आहे; दोन्ही सिद्ध करावं लागत नाही. पण हे न्यायालय आपणहून देईल अशी वाट पाहू नका. उशीर माफीचा अर्ज तक्रारीसोबतच जोडायला वकिलाला सांगा.

मुदत नसलेल्या गुन्ह्यांतही उशिराचं कारण लिहावंच लागतं. तिथे ते खटला सुरू होण्यासाठी नसतं, विश्वास बसावा म्हणून असतं. लैंगिक गुन्ह्यांत उशीर झाला म्हणजे फिर्याद खोटी असं धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ पासून वारंवार सांगितलं आहे. तरी उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच येतो.

पाचवी पायरी: कागद

एक वही घ्या. प्रत्येक पानावर एक वर्ष: तेव्हा कितवीत होता, कुठे राहत होता, घरात कोण कोण होतं, काय घडलं, कुणाला सांगितलं. आठवत नाही तिथे ‘आठवत नाही’ असंच लिहा. रिकामी जागा अंदाजाने भरलीत तर पुढे तीच तुमच्याविरुद्ध वापरली जाते.

उशिराचा परिच्छेद असा असू शकतो. नमुना आहे, तसाच उतरवू नका:

‘घटना घडल्या तेव्हा मी ११ वर्षांची होते. आरोपी आमच्याच वाड्यात राहत असत आणि आमच्या घराचं भाडं त्यांच्याकडे जात असे. १४ व्या वर्षी मी आईला सांगितलं, तेव्हा कुठे बोलू नकोस असं मला सांगण्यात आलं. २०१९ मध्ये वाडा सोडल्यावर मी प्रथम मैत्रिणीला सांगितलं. २०२३ पासून समुपदेशन घेत आहे. आरोपी अजूनही लहान मुलांच्या शिकवण्या घेतात हे गेल्या महिन्यात कळल्यावर मी तक्रार देण्याचं ठरवलं.’

यात रडगाणं नाही आणि वकिली भाषाही नाही. प्रत्येक वाक्याला साक्षीदार किंवा कागद आहे: आई, मैत्रीण, भाड्याच्या पावत्या, समुपदेशकाची नोंद. जुन्या प्रकरणात वैद्यकीय पुरावा जवळजवळ नसतोच, तेव्हा तुम्ही ‘पहिल्यांदा कुणाला सांगितलं’ ती व्यक्ती फार मोलाची असते. तिच्याशी आधी बोला, पण काय सांगायचं ते पढवू नका.

घटनेच्या वेळी वय १८ खाली होतं हे सिद्ध करण्यासाठी बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ मध्ये क्रम दिला आहे. शाळेने दिलेलं जन्मतारखेचं प्रमाणपत्र किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तोही नसेल तर हाडांची तपासणी. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर २०२३ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने विसंबायला नकार दिला, आणि आधार कार्ड हा जन्मतारखेचा पुरावा नाही असं २०२४ मध्ये सांगितलं. म्हणून जन्मदाखल्याची प्रमाणित प्रत आधी काढून ठेवा.

मेसेज, ईमेल, फोटो असतील तर मूळ फोन जपून ठेवा. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. आरोपीला जाब विचारणारे किंवा पैसे मागणारे मेसेज मुळीच पाठवू नका. तक्रारीआधी समाजमाध्यमांवर नाव टाकलंत तर आरोपी सावध होतो, आणि अब्रुनुकसानीची नोटीस आली की निम्मी ताकद तिला उत्तर देण्यात जाते.

सहावी पायरी: पोलीस ठाणं

महिला आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच कार्यालय असतं, किंवा १५१०० वर फोन करा. ठाण्यात जाण्याआधी वकिलाला एकदा भेटून घ्या.

घटना पुण्यात घडली आणि तुम्ही संभाजीनगरात असाल तरी जवळच्या ठाण्यात झिरो एफआयआर देता येतो. तक्रार लेखी न्या, दोन प्रती, एका प्रतीवर पोच. एफआयआरची प्रत मोफत मिळते. ऑनलाइन दिलेल्या माहितीवर तीन दिवसांत प्रत्यक्ष सही करावी लागते, हे परदेशातून तक्रार पाठवणाऱ्यांना अडचणीचं ठरतं.

दोन गोष्टी तिथे ऐकू येतील. एक, ‘आधी चौकशी करतो.’ तीन ते सात वर्षांखालच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. कलम ८ त्यात बसतं, कलम ४ आणि ६ बसत नाहीत. दुसरी, ‘मुदत संपली.’ त्यावर वाद घालू नका. मुदत न्यायालय ठरवतं, ठाणं नाही, एवढं शांतपणे सांगा आणि नकार लेखी मागा. मिळणार नाही, पण मागितल्यावर सूर बदलतो. नाहीच लिहून घेतलं तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना किंवा शहर असेल तर पोलीस आयुक्तांना पाठवा, तरीही नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. पॉक्सोचं विशेष न्यायालय थेट तक्रारही घेऊ शकतं. पॉक्सोचा गुन्हा नोंदवायला नकार देणं हाच कलम २१ खाली गुन्हा आहे.

कलम २१ शाळा-वसतिगृहांनाही लागतं. माहिती असून कळवलं नाही तर शिक्षा होते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृह प्रकरणात एका डॉक्टरवरचा असा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो पुन्हा जिवंत केला. मात्र या गुन्ह्याला शिक्षा कमी, म्हणून मुदत एकच वर्ष. दडपणाऱ्या मुख्याध्यापकावर कारवाई हवी असेल तर इथे घाई करा.

आरोपी तेव्हा स्वतः १८ खालचा असेल, तर आज तो चाळिशीचा असला तरी प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. तक्रार थांबवायचं ते कारण नाही, पण शिक्षेची अपेक्षा त्या मानाने ठेवा. गोव्यात पॉक्सोसोबत गोवा बाल कायदा २००३ ची कलमंही लागू शकतात आणि पणजीत त्यासाठी बालन्यायालय आहे.

नुकसानभरपाई: इथे घड्याळ वेगळं

आरोपीविरुद्ध दिवाणी दावा लावायचा तर साधारण मुदत तीन वर्षांची, आणि अज्ञान व्यक्तीसाठी ती १८ पूर्ण झाल्यावर सुरू होते. म्हणजे एकविसावा वाढदिवस ही ढोबळ सीमा. फौजदारी खटला तिसाव्या वर्षी चालू शकतो, दिवाणी दाव्याची दारं बहुतेक वेळा तोवर बंद झालेली असतात.

सरकारी भरपाईला हा दावा लागत नाही. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांनुसार विशेष न्यायालय खटला चालू असतानाही अंतरिम भरपाई देऊ शकतं आणि आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत शासनाने ती द्यायची असते. महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. एफआयआर झाला की लगेच द्या, निकालाची वाट पाहू नका.

परदेशात असाल तर

ज्या देशात घडलं त्या देशाचा कायदा आणि त्याची मुदत आधी पाहा. इंग्लंडमध्ये गंभीर लैंगिक गुन्ह्यांच्या फौजदारी खटल्याला मुदत नाही. अमेरिकेत राज्यागणिक फरक आहे. कॅलिफोर्नियात २०२० पासून जुन्या बाल अत्याचाराचा दिवाणी दावा वयाच्या चाळिशीपर्यंत लावता येतो. बालपणी सुट्टीत गावी आल्यावर घडलं असेल तर गुन्हा भारतातला, आणि वरच्या सगळ्या पायऱ्या तशाच लागू होतात. भारतीय नागरिकाने परदेशात केलेल्या गुन्ह्याचा खटला भारतात चालवायला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते.

गुन्हा दाखल झाल्यावर

तपास दोन महिन्यांत पूर्ण व्हायला हवा आणि प्रगती तुम्हाला ९० दिवसांत कळवायला हवी. कळवलं नाही तर लेखी विचारा. दंडाधिकाऱ्यांसमोर जबाब होईल. त्याआधी आपली वही पुन्हा वाचा, पण सोबत नेऊन त्यातून वाचू नका. सुनावणी बंद दाराआड होते. तुमची ओळख छापायला कुणालाही परवानगी नाही.

थोड्याच दिवसांत मध्यस्थ येतील. बहुधा नात्यातलेच असतील, आणि कुणाच्या तरी लग्नाचा विषय काढतील. पैसे घेऊन किंवा न घेता दिलेल्या तडजोडीच्या कागदावर असा गुन्हा रद्द करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजस्थानातल्या एका शिक्षकाच्या प्रकरणात सांगितलं आहे. तरीही सह्या मागितल्या जातात, कारण तो कागद उलटतपासणीत उपयोगी पडतो. वकिलाला दाखवल्याशिवाय कशावरही सही करू नका, आणि घर किंवा फोन नंबर बदललात तर तपास अधिकारी आणि सरकारी वकील दोघांनाही लेखी कळवा. समन्स जुन्या पत्त्यावर जातात.